सायकलचा सांगाडा आणि तिचा लगाम

पहाटेच्या वेळी गावातून शहराकडे निघालेला दूधवाला पाहावा. त्याची साधी काळी सायकल वजनाने २० ते २२ किलोची असते. मागच्या कॅरिअरला दोन्ही अंगांनी दुधाचे भरलेले कॅन लोंबत असतात, स्वतः दूधवाला सीटवर असतो आणि खाचखळग्यांच्या वाटेने ही सारी वरात डुलत डुलत चाललेली असते. सायकलच्या अंगच्या वजनाच्या सहापट भार तिच्यावर सहज असतो. एवढ्या प्रमाणात ओझे बैलगाडीला पेलत नाही, मोटारीला तर नाहीच. तरीही सायकलच्या पोकळ नळ्या वाकत नाहीत. उतारावर अवचित एखादी शेळी आडवी आली, तर दूधवाला मुठीखालची दांडी आवळतो आणि दीडशे किलोंचा तो पसारा थोड्याच अंतरात थांबतो.

सायकल मोडत का नाही, आणि ती थांबते कशी, या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात यंत्रज्ञांची शंभराहून अधिक वर्षे खर्ची पडली. चाक, पायडल आणि साखळी यांचे कौतुक पुष्कळ होते. सांगाड्याकडे मात्र तो तुटल्यावर आणि ब्रेककडे तो न लागल्यावरच माणसाचे लक्ष जाते.

आरंभीच्या दुचाकीला खरे म्हणजे या दोन्ही गोष्टींची फारशी चिंता नव्हती. १८१७ सालच्या जून महिन्याच्या १२ तारखेला जर्मनीतील मानहाइम शहरातून कार्ल फॉन ड्राइस नावाचा एक वनाधिकारी स्वतः बनविलेल्या दोन चाकांच्या लाकडी वाहनावर बसून बाहेर पडला. सुमारे ७ किलोमीटर अंतरावरच्या ठाण्याला पोचून तो परत फिरला. या वाहनाला पायडल नव्हते. लाकडाच्या आडव्या तुळईवर बसावयाचे आणि पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जावयाचे, एवढीच त्याची रीत. तुळई हाच त्याचा सांगाडा होता. मागच्या चाकावर घासणारा, दोरीने ओढावयाचा एक अडसर त्याला होता खरा. परंतु ज्याचे दोन्ही पाय सदैव जमिनीला लागलेले आहेत, त्याला थांबण्यासाठी दुसऱ्या साधनाची गरज ती कितीशी असणार!

१८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पिएर मिशो आणि त्याच्या भोवतालच्या कारागिरांनी पुढच्या चाकाच्या आसालाच पायडल बसविले. त्याच कल्पनेचे पेटंट पिएर लालमां याने १८६६ साली अमेरिकेत घेतले. या कल्पनेचा पहिला जनक कोण, हा वाद अजूनही मिटलेला नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पायडल आले आणि माणसाचे पाय जमिनीवरून उचलले गेले. त्या क्षणी ब्रेक ही चैनीची वस्तू राहिली नाही. मिशोच्या गाडीत हँडलची मूठ पिळली की तिच्याभोवती दोरी गुंडाळली जाई आणि मागच्या चाकाच्या लोखंडी धावेवर एक ठोकळा दाबला जाई. सांगाडा प्रथम नागमोडी आकाराच्या ओतीव लोखंडाचा होता. तो दिसायला डौलदार असला तरी ठिसूळ निघाला, म्हणून पुढे घडीव लोखंडाची सरळ तिरकी पट्टी वापरात आली. दगडी फरसबंदीवरून जाताना या गाड्या बसणाराची हाडे खिळखिळी करीत. इंग्लंडात लोकांनी त्यांना ‘हाडे हलविणारी’ असेच नाव ठेवले होते.

यानंतर सायकलच्या इतिहासात एक चमत्कारिक वळण येते. पायडल चाकालाच जोडलेले असल्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. वेग वाढवावयाचा तर चाकच मोठे करणे भाग होते. लाकडी आऱ्यांचे फार मोठे चाक जड होते. पॅरिसच्या यूजेन मेयर याने १८६९ साली आणि इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहराच्या जेम्स स्टार्ली याने लौकरच पुढे तारांच्या आऱ्यांचे चाक प्रचारात आणले. लाकडी आरा खांबासारखा उभा राहून भार घेतो. तारेचा आरा मात्र आवळून ताणलेला असतो आणि त्या ताणाच्या बळावर चाक आपला आकार राखते. या युक्तीने चाक हलके झाले आणि म्हणून ते वाढतच गेले. दीड मीटर व्यासापर्यंत जाऊन पोचले. मागचे चाक मात्र लहान, नावापुरते. दोहोंना जोडणारा कणा एका वाकलेल्या पोकळ नळीचा होता.

दिसण्यात ही गाडी ऐटदार होती, वेगवानही होती. टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून अशाच उंच सायकलवर निघाला आणि वाटेत १८८६ साली भारतातील ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्यापर्यंत येऊन गेला. परंतु या वाहनाच्या रचनेतच मृत्यू दबा धरून बसलेला होता. बसणारा जवळजवळ पुढच्या चाकाच्या आसावरच बसलेला असे. एखादा दगड चाकाखाली आला, किंवा घाबरून त्याने पुढच्या चाकाचा ब्रेक जोराने दाबला, की चाक थांबे. पण माणूस थांबत नसे. सगळी गाडी आसाभोवती पुढे पलटी खाई आणि दीड मीटर उंचीवरून माणूस डोक्यावर आदळे. हँडल मांड्यांना अडत असल्यामुळे त्याला उडी टाकून सुटताही येत नसे. असे अपघात इतके नित्याचे होते की अनुभवी स्वार उतारावर आपले पाय हँडलवरून पुढे टाकून बसत, म्हणजे पडलेच तर निदान पायांवर पडता यावे. ज्या वाहनात थांबण्याचे साधन वापरणे हेच न थांबण्याहून धोक्याचे, त्याची रचना मुळातच चुकलेली म्हटली पाहिजे. केवळ अधिक चांगला ब्रेक बसवून ही चूक सुधारणारी नव्हती. बसणाराची जागाच बदलणे अवश्य होते.

ते काम जेम्स स्टार्लीच्या पुतण्याने केले. जॉन केंप स्टार्ली याने १८८५ साली ‘रोव्हर’ नावाची सायकल पुढे आणली. पायडल दोन चाकांच्या मध्ये, तेथून साखळीने मागच्या चाकाला गती, आणि बसणारा दोन्ही चाकांच्या दरम्यान, जमिनीपासून बेताच्या उंचीवर. साखळीच्या पुढच्या व मागच्या दातेरी चक्रांचा आकार हवा तसा ठेवता येत असल्याने चाक मोठे करण्याचे कारणच उरले नाही. तिला लोक ‘सुरक्षित सायकल’ म्हणू लागले, ते योग्यच होते.

तिचा सांगाडा मात्र अजून अपुरा होता. पहिल्या रोव्हरच्या नळ्या वाकलेल्या होत्या, आणि सीटपासून पायडलपर्यंत येणारी उभी नळी तिला नव्हतीच. पुढील पाच वर्षांत अनेक कारखानदारांनी नाना आकार करून पाहिले. १८९० च्या सुमारास हंबर व इतर कारखान्यांच्या हातून जो आकार स्थिर झाला, तोच आज आपल्याला घरोघर दिसतो. वर आडवा दांडा, खाली तिरका दांडा, मध्ये सीटची नळी, पुढे हँडलची आखूड नळी, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारी बारीक नळ्यांची दोन त्रिकोणी जोडपी. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी हा आकार हटलेला नाही.

त्याचे रहस्य त्रिकोणात आहे. बांबूच्या चार कामट्या घेऊन त्यांची टोके टाचणीने जोडावी व त्या चौकोनाला कोपऱ्यात दाबावे. तो लगेच तिरपा होऊन लोळण घेतो. आता तीन कामट्यांचा त्रिकोण करून तोच प्रयोग करावा. एखादी कामटी मोडल्याखेरीज त्रिकोणाचा आकार बदलत नाही. चौकोनाचे सांधे भार घेतात, त्रिकोणाच्या मात्र भुजा भार घेतात. आणि नळी ही आडवी वाकविण्यापेक्षा लांबीच्या दिशेने ओढण्यादाबण्यास कितीतरी अधिक दाद देत नाही. सायकलचा पुढचा भाग बारकाईने पाहिला तर तो काटेकोर त्रिकोण नाही हे ध्यानात येते, कारण हँडलची नळी ही त्याची आखूड अशी चौथी भुजा आहे. नेमका तोच त्याचा दुबळा कोपरा होय. भिंतीवर समोरून आदळलेली सायकल पाहावी. तिचे दोन्ही दांडे हँडलच्या नळीमागेच फुगलेले किंवा चुरमडलेले आढळतात.

सायकल नुसती चालत असताना बसणाराच्या वजनाने वरच्या आडव्या दांड्यावर दाब पडतो आणि खालच्या तिरक्या दांड्यावर ताण. पुढचा ब्रेक जोराने लावला की हे चित्र उलटते. रस्ता चाकाला मागे रेटतो, पुढचा चिमटा तरफेसारखा वागतो, तिरक्या दांड्यावर दाब येतो व वरचा दांडा ताणला जातो. एका सायकलच्या आयुष्यात हा खेळ हजारो वेळा होतो. म्हणून सांगाडा आखताना ब्रेकचा विचार बाजूला ठेवून चालत नाही.

नळ्या पोकळ का, हेही सांगितले पाहिजे. गव्हाची काडी, बांबू आणि पक्ष्याचे हाड ही निसर्गाने केलेली त्याच तत्त्वाची उदाहरणे आहेत. वाकण्याला विरोध करण्याचे काम नळीच्या मध्याजवळचे द्रव्य फारसे करीत नाही, कडेचे द्रव्य करते. तेवढ्याच वजनाच्या धातूची दुप्पट व्यासाची व निम्म्या जाडीची नळी केली, तर तिचा ताठपणा सुमारे चौपट होतो. अर्थात हा लोभ फार करता येत नाही. जाडी फारच कमी झाली की नळी पत्र्याच्या डब्यासारखी बोटाने दबते.

जर्मनीतील मानेसमान बंधूंनी १८८५ च्या सुमारास पोलादाची बिनसांध्याची नळी काढण्याची कृती शोधली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनल्ड्स याने १८९७ साली आणखी एका नामी युक्तीचे पेटंट घेतले. सांगाड्याच्या नळ्या एकमेकींना पितळेने झाळून जोडीत, व सांध्यावर बाहेरून पोलादी बाही चढवीत. झाळताना टोकाचे पोलाद तापून काहीसे दुबळे होते आणि नेमक्या टोकापाशीच ताण अधिक असतो. म्हणून रेनल्ड्सने बाहेरून सारखी दिसणारी, पण आतून दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी केली. टोकाला ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ मिलिमीटर, एवढ्याशा फरकाने सांगाड्याचे वजन उतरले व बळ तसेच राहिले. त्याच कारखान्याने १९३५ साली मँगॅनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या ‘५३१’ नावाच्या नळ्या बाजारात आणल्या. त्यानंतर कित्येक दशके शर्यतीच्या उत्तम सायकलीवर त्या आकड्याची चिठ्ठी हे भूषण मानले जाई.

सर्वांनाच रूढ आकार पसंत होता असे नाही. मिकेल पेडरसन नावाच्या डॅनिश यंत्रज्ञाने इंग्लंडातील डर्स्ली गावी अगदी बारीक नळ्यांच्या अनेक त्रिकोणांचा, पुलाच्या कमानीसारखा सांगाडा रचला आणि त्यात बसण्यासाठी झोळी टांगली. १८९३ साली त्याने तिचे पेटंट घेतले. सायकल हलकी होती, आरामशीर होती. पण तिचे सांधे मोजावे तितके थोडेच, आणि प्रत्येक सांधा हाताने झाळावा लागे. कल्पकता कितीही असली तरी कारखान्यात हजारांनी निघणाऱ्या मालापुढे तिचा टिकाव लागला नाही.

वरचा दांडा हा सांगाड्याचा आधार खरा; परंतु घेरदार झगा घालणाऱ्या युरोपीय स्त्रियांना आणि पुढे साडी नेसणाऱ्या भारतीय स्त्रियांना तोच अडसर झाला. म्हणून स्त्रियांच्या सायकलीत हा दांडा खाली आणून तिरक्या दांड्याशी समांतर बसविला. त्यामुळे त्रिकोण मोडला आणि लांबट चौकोन राहिला. अशी सायकल पिळाला लौकर दबते. तेवढेच बळ आणावयाचे तर नळ्या अधिक जाड घ्याव्या लागतात आणि वजन वाढते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा तोटाच होय. परंतु ज्या घरात मुलीने एकटीने बाहेर जाणे हीच मोठी गोष्ट होती, त्या घरातील मुलीच्या दृष्टीने किलो-अर्धा किलो वाढीव लोखंड ही किंमत फार नव्हती. यंत्राचा चांगलेपणा ठरविताना ते कोणासाठी आहे हा प्रश्न सोडून देता येत नाही.

आता पुन्हा ब्रेककडे वळावे. रोव्हरच्या काळात पुढच्या चाकावर एक चमच्याच्या आकाराची धातूची पट्टी दाबून गाडी थांबवीत. चाकावर भरीव रबराची धाव होती, तोपर्यंत हे चालून गेले. १८८८ साली आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर केला. हीच कल्पना रॉबर्ट टॉमसन याने चाळीस वर्षांपूर्वी पेटंट करून ठेवली होती, ही गोष्ट मागाहून उजेडात आली व डनलॉपचे पेटंट रद्द झाले. परंतु टायर राहिला. १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम याने हवेच्या टायरवर बसून भराभर विजय मिळविले, तेव्हा हसणारे गप्प झाले. त्याआधी कित्येक कारखानदार सांगाड्यालाच स्प्रिंगा व बिजागऱ्या बसवून धक्के कमी करू पाहत होते. टायरने त्यांचे काम हलके केले. सांगाडा ताठ आणि साधा ठेवता आला.

मात्र सांगाड्याचा प्रश्न सोडविणाऱ्या या टायरने ब्रेकचा प्रश्न बिघडवून टाकला. हवेच्या टायरवर पट्टी घासू लागली की महागाचे रबर झिजे. त्यातच १९०० च्या सुमारास फ्री-व्हील सर्वत्र होऊ लागले. त्यापूर्वी चाक फिरे तोवर पायडलही फिरे, आणि पायांनी उलट जोर देऊन वेग आवरता येई. फ्री-व्हीलमुळे उतारावर पाय स्वस्थ ठेवता येऊ लागले. पण पायांचा लगामही हातचा गेला. तेव्हा टायर सोडून रिमवर घासणारा ब्रेक शोधणे प्राप्त झाले.

भारतातील जुन्या माणसांच्या ओळखीचा सळयांचा ब्रेक हा त्यातलाच. हँडलखालची दांडी ओढली की सळया आणि कोन करून बसविलेल्या तरफा यांच्या द्वारे घोड्याच्या रिकिबीसारखा एक चाप वर उचलला जातो आणि त्याची दोन रबरे रिमच्या आतल्या अंगाला टेकतात. हँडल तर वळणार, मग त्यावरून मागच्या चाकापर्यंत सळई न्यावयाची कशी, ही अडचण हँडलच्या नळीजवळ फिरता सांधा ठेवून दूर केली आहे. हा ब्रेक जड आहे, त्याची पकडही बेताचीच आहे. पण त्यात असे काही नाही की जे खेड्यातल्या दुकानदाराला पाना आणि पक्कड घेऊन दुरुस्त करता येऊ नये. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यातील रस्ते अशाच सायकलींनी भरून जात, आणि खेडोपाडी त्या आजही दिसतात.

दुसरी युक्ती तारेची. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन याला १८९६ साली तिचे पेटंट मिळाले. ती इतकी साधी आहे की आज तिच्याकडे कोणी पाहतही नाही. नुसत्या दोरीने ओढावयाचे तर दोरी सरळ रेषेत असली पाहिजे, वळणाच्या ठिकाणी कप्पी पाहिजे. बोडेनच्या केबलमध्ये आतली तार वेटोळ्यांच्या एका लवचीक नळीतून जाते. तार जेवढ्या बळाने खेचली जाते, तेवढ्याच बळाने बाहेरची नळी दाबली जाते. आणि ही नळी वाकते, पण आखूड होत नाही. म्हणून वळण कसेही असले तरी हाताचे बळ चाकापर्यंत पोचते. वाटेतल्या घर्षणात काही भाग खर्च होतो, एवढेच. चिमट्यासारखे दोन बाजूंनी रिम पकडणारे ब्रेक पुढे सर्वत्र झाले ते या तारेच्या जिवावर.

कोणत्याही हातब्रेकमध्ये बळ वाढविण्याचे काम तरफ करते आणि तरफ काही फुकट देत नाही. जितक्या पट बळ वाढवावे तितक्या पटीने हालचाल घटते. हाताची मूठ पाच-सहा सेंटिमीटर हलेल, तेव्हा ब्रेकचे रबर काही मिलिमीटरच पुढे सरकेल. म्हणून रबर रिमच्या अगदी जवळ असले पाहिजे, आणि तसे असावयाचे तर चाक डुगडुगता कामा नये. आऱ्या ढिल्या झालेल्या सायकलचा ब्रेक चांगला लागत नाही, त्यात दोष पुष्कळदा ब्रेकचा नसतोच.

पुढचा ब्रेक लावावा की मागचा, हा वाद मुलांमध्ये नेहमी चालतो. पुढच्या ब्रेकने माणूस उलटतो, ही भीती उंच सायकलच्या काळची आहे. पण ती अगदीच खोटी नाही. आजच्या सायकलवर बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटर उंचीवर आणि पुढचे चाक जेथे टेकते त्या जागेच्या सुमारे ६० सेंटिमीटर मागे असतो. ६० ला ११० ने भागले की ०.५५ येतात. गुरुत्वाकर्षणाच्या ०.५५ पटीपेक्षा अधिक तीव्रतेने वेग घटविला, तर मागचे चाक उचलले जाते. त्या मर्यादेपर्यंत मात्र पुढचा ब्रेकच खरा कामाचा. थांबताना भार पुढच्या चाकावर जातो, मागचे चाक हलके होऊन घसरू लागते. त्यामुळे कोरड्या रस्त्यावरही एकट्या मागच्या ब्रेकने गुरुत्वाकर्षणाच्या पाव पटीच्या आसपासच वेग घटविता येतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल पुढच्या ब्रेकने अडीच मीटरांत थांबू शकत असेल, तर केवळ मागच्याने तिला सुमारे पाच मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की दोन्ही अंतरे चौपट होतात. समोर खेळणारे मूल त्या अंतराच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर सारे अवलंबून असते.

पावसाळ्यात या हिशेबाला आणखी एक शत्रू भेटतो. पोलादी रिमवर चकचकीत मुलामा असतो. ती ओली झाली की रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा येतो व पकड एकदम नाहीशी होते. ॲल्युमिनियमच्या रिमला पाण्यातही त्यामानाने बरी पकड मिळते. म्हणून रिमसाठी तो धातू आला तेव्हा वजन कमी झाले, हा लाभ दुय्यमच म्हणावा लागेल.

चाकाच्या तुंब्यात बसविलेल्या ब्रेकला पाण्याची बाधा नाही. पायडल उलटे दाबले की तुंब्यातच घर्षण होऊन चाक थांबते, असा ‘टॉर्पेडो’ नावाचा तुंबा एर्न्स्ट साक्स याच्या जर्मन कारखान्याने १९०३ साली काढला व तो जगभर गेला. परंतु तुंब्याचा शत्रू पाणी नसून उष्णता आहे, हे कॅलिफोर्नियातील काही तरुणांनी हौसेपायी सिद्ध केले. १९७६ सालापासून ते माउंट टॅमलपायसच्या परिसरातील एका डोंगराच्या कच्च्या वाटेवरून जुन्या जड सायकलींवर उताराच्या शर्यती लावीत. उतार सुमारे ४०० मीटर खोलीचा. सायकलसह ९० किलो वजनाचा स्वार तेवढा खाली आला, तर साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरविली पाहिजे. त्यातला काही भाग वारा आणि रस्ता घेतात. सारीच ब्रेककडे गेली असे मानले, तर तेवढ्या उष्णतेने लिटरभर पाणी उकळीला येईल. पायथ्याशी येईपर्यंत तुंब्यातले ग्रीज जळून धूर निघे आणि दर फेरीनंतर नवे ग्रीज भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणे, हे नाव पडले. त्या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली डोंगरासाठी खास मजबूत सांगाडा बांधला आणि त्याला चिमट्यावरच टेकू असलेले, रिम पकडणारे ब्रेक बसविले. डोंगरी सायकलींचा आजचा सारा विस्तार तेथून पुढचा आहे.

सांगाड्याच्या धातूतही दरम्यान पालट झाला. ॲल्युमिनियम वजनाने पोलादाच्या एक तृतीयांश, पण ताठपणातही एक तृतीयांशच. नुसता धातू बदलून काहीच साधले नसते. नळ्यांचा व्यास मोठा केला तेव्हाच ॲल्युमिनियमची सायकल हलकी असून ताठ झाली. तिच्या नळ्या जाडजूड दिसतात त्या याच कारणाने. पुढे कार्बनचे तंतू राळेत बसवून सांगाडे होऊ लागले. त्यात नळ्यांचीही आवश्यकता राहिली नाही. १९९२ साली बार्सेलोनाच्या ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमन याने ४००० मीटर पाठलागाच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, ते माइक बरोज याच्या कल्पनेतून उतरलेल्या अशाच अखंड कार्बनच्या सायकलवर. अंतिम फेरीत त्याने प्रतिस्पर्ध्याला मागून येऊन गाठले.

त्या विजयाचा परिणाम मात्र उलटा झाला. सायकल-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९६ साली ठराव केला की शर्यत माणसांची असावी, यंत्रांची नव्हे. आणि २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचा सांगाडा रूढ त्रिकोणी घाटाचाच असला पाहिजे असा नियम अमलात आला. असे पूर्वीही झाले होते. १९३३ साली फ्रान्सिस फोर याने पॅरिस येथे पाठीवर रेलून चालवावयाच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून जुना विक्रम मोडला, तेव्हा १९३४ मध्ये तशी सायकलच शर्यतीतून बाद करण्यात आली. खेळ समान पातळीवर व्हावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु १८९० चा सांगाडा इतकी वर्षे टिकला याचे सगळे श्रेय त्रिकोणाला देणे बरोबर होणार नाही. थोडे श्रेय या नियमांच्या कागदालाही दिले पाहिजे.

ब्रेकच्या बाबतीत शर्यतींचे जग असेच सावकाश हलले. मोटारसायकलीवर चांगला रुळलेला चकतीचा ब्रेक डोंगरी सायकलींनी आधी घेतला. रस्त्यावरच्या शर्यतींत त्याला कायमची मुभा २०१८ साली मिळाली. चाकाच्या मध्याशी पोलादाची पातळ चकती असते आणि तिला दोन बाजूंनी गुटके पकडतात. चकती चिखलापासून दूर राहते, पाणी तिच्यावरून लौकर उडून जाते, आणि लांब उतारावर रिम तापून ट्यूब फुटण्याचे भयही राहत नाही.

मात्र ब्रेकची जागा बदलताच सांगाड्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला. रिमचा ब्रेक चिमट्याच्या माथ्याशी, दोन्ही बाजूंना सारखा जोर देतो. चकतीचा ब्रेक चिमट्याच्या एकाच पायावर, तोही अगदी खालच्या टोकाशी जोर देतो. तेव्हा त्या बाजूचा पाय अधिक भरभक्कम करावा लागला. शिवाय चकती लहान असल्यामुळे तेवढ्याच परिणामासाठी तिला कितीतरी अधिक बळाने धरावे लागते, आणि गुटके चिमट्याच्या मागच्या बाजूस असल्यामुळे त्या बळाची दिशा अशी येते की पुढच्या चाकाचा आस आपल्या खाचेतून खालच्या बाजूस निसटू पाहतो. खाचेचे तोंड नेमके खालीच उघडे असते. म्हणून अशा नव्या सायकलींत उघडी खाच ठेवीत नाहीत. चिमट्याच्या दोन्ही टोकांना बंद भोके असतात. जाड आस त्यांतून आरपार ओवतात आणि दुसऱ्या टोकाच्या आट्यांत फिरवून आवळतात.